मापाची रायफल

"लवकर आलात ते बरं झालं," फाटकाची कडी काढता काढता काकू म्हणाल्या. "हे साइटवर गेलेत, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. तोवर बघून घ्या. पसंत पडली तर घेऊनच जा."

पप्पा चपला काढताना थबकले. "साहेबांना माहीत आहे ना, आम्ही येणार ते?"

"सांगेन मी त्यांना," काकू म्हणाल्या आणि घाईनं आत वळल्या.

पप्पांनी बिडकर सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. आम्ही तिघं आत गेलो.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मिरजेत एका शाळेच्या मागच्या शेडमध्ये बिडकर सर शूटिंग शिकवायचे, तिथं मी वर्षभर जात होते. क्लबची एकच रायफल आम्हा सगळ्यांच्या खांद्यांवरून फिरायची. ती मोठ्या माणसाच्या मापाची होती. माझा गाल टेकला की डोळा नेमाच्या भोकाखाली यायचा, म्हणून सर गालाच्या जागी टॉवेलची घडी बांधून द्यायचे. त्या टॉवेलनिशी मी जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरी आले. त्या दिवशी पप्पांनी ठरवलं, पोरीला स्वतःची रायफल पाहिजे.

पप्पांचं एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं. लोखंडाचा कुठलाही तुकडा हातात आला की ते आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत. मी बक्षीस घेऊन आले त्या संध्याकाळी तसाच अंगठा माझ्या मेडलवरून फिरवत ते बराच वेळ बसले होते. त्यांना स्वतःला कबड्डी खेळायची होती, पण आजोबांनी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी लेथवर उभं केलं. हे ते कधी तक्रार म्हणून सांगत नसत. नुसतं सांगत.

नवी रायफल परदेशातून यायला किती महिने लागतील याचा नेम नव्हता. मग एक दिवस सरांना कोल्हापूरहून या काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलीची जर्मन बनावटीची रायफल विकायची होती. ऋजुता नाईकनवरे हे नाव आमच्या शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. दोन वर्षं ती राज्यात पहिली येत होती.

"मग विकतेय कशाला?" मी येताना व्हॅनमध्ये सरांना विचारलं होतं.

"बोट दारात सापडलं म्हणे. उजव्या हाताचं, ट्रिगरचं. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखं वळायचं नाही." सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू तिच्याबद्दल विचार करू नकोस. रायफलीचा कर. कंपनीचं नाव बघायचं नाही, रंग बघायचा नाही. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. मान वाकवावी न लागता टार्गेट समोर दिसलं, तर ती तुझी."

नाईकनवऱ्यांच्या घरात शिरल्यावर मला आधी कळेचना की काय चुकल्यासारखं वाटतंय. मग लक्षात आलं. आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. बैठकीच्या खोलीपासून थेट स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत सरळ रेषेत सगळं मोकळं केलेलं होतं. मधल्या खोलीची भिंत फोडलेली, चौकटी काढलेल्या. जेवणाचं टेबल बाजूला सरकवून भिंतीला चिकटवलेलं. आणि त्या रेषेच्या टोकाला, गॅसच्या ओट्यापासून हातभर अंतरावर, पत्र्याची पेटी बसवून तिच्यात टार्गेट अडकवलेलं, वर छोटा दिवा.

"दहा मीटर बरोबर बसतात," काकू म्हणाल्या. "यांनी स्वतः मोजून काढलंय. ऋजू सातवीत होती तेव्हा."

"मग तुम्ही स्वयंपाक कधी करता?" मी विचारलं.

पप्पांनी डोळे वटारले. काकूंनी मात्र सरळ उत्तर दिलं. "तिची प्रॅक्टिस झाल्यावर."

त्यांनी कपाटातून लांब पेटी काढून टेबलावर ठेवली. सरांनी कुलपं उघडली. मी त्याआधी इतकी देखणी वस्तू पाहिली नव्हती. पप्पांनी "वा!" म्हटलं आणि हात पुढे केला, पण अंगठा फिरवायच्या आधी काकूंकडे पाहून परवानगी घेतली. सरांनी हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघितली, नळीतून उजेडाकडे पाहिलं, ट्रिगर दोन-चार वेळा रिकामाच दाबून कान लावला.

"लेकरासारखी सांभाळलीय," ते म्हणाले.

"रोज सकाळी पुसतात हे," काकू म्हणाल्या. "अजूनही."

मी जाड जाकीट चढवलं, पाय रोवले, डोळे मिटले आणि रायफल खांद्याला लावली. मागची पट्टी खांद्याच्या खळगीत जाऊन बसली. गाल जिथं आपणहून टेकला तिथंच गालाची पट्टी होती. डावा कोपर कमरेवर आला. डोळे उघडले तर भोकातून काळा गोळा समोर दिसत होता, मधोमध, स्थिर.

मला एकही स्क्रू फिरवावा लागला नव्हता. अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचाच होता.

"सर," मी रायफल खाली न घेताच म्हणाले, "हीच."

"मारून बघ आधी."

काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला आणि परत येऊन माझ्या मागे, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी छर्रा भरला, श्वास अर्धा सोडला, ट्रिगर दाबला. ट्रिगर दाबला असं म्हणणंही जास्त आहे, मनात आलं आणि सुटली. सर दुर्बिणीतून पाहत म्हणाले, "दहा." मग पुन्हा "दहा." मग "नऊ, पण काठावर." पप्पांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

पुढचा छर्रा भरून मी पुन्हा गाल टेकवला आणि टार्गेट नाहीसं झालं. भोकातून नुसतं निळं काहीतरी दिसत होतं.

"रायफल खाली!" सर ओरडले.

माझं बोट ट्रिगरला लागलेलं नव्हतं. तेवढंच एक मी त्या वर्षात धड शिकले होते. मी नळी जमिनीकडे केली, छर्रा काढून टाकला आणि मग समोर पाहिलं. स्वयंपाकघरात, टार्गेटच्या पुढ्यात, निळा कुर्ता घातलेली एक मुलगी पाठमोरी उभी राहून माठातून पाणी घेत होती.

"ऋजू!" काकूंचा आवाज फाटला. "अगं, कळत नाही का तुला?"

"तहान लागली," ती म्हणाली. ती सावकाश पाणी प्यायली, तिनं भांडं विसळून उपडं ठेवलं आणि त्याच रेषेतून चालत आमच्याकडे आली. ती एकोणीस वर्षांची असेल. माझ्याएवढीच उंच. उजवा हात कुर्त्याच्या खिशात होता.

"बसली?" तिनं मला विचारलं.

"हो."

"बसणारच. आपलं माप एकच दिसतंय." ती रायफलीकडे न बघता हे बोलली आणि बाजूच्या खोलीत गेली. त्या खोलीला मात्र दार होतं. ते तिनं लोटून घेतलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. काकू म्हणाल्या, "आता बांधून ठेवा ती पेटीत. चहा करते, चहा घ्या आणि निघा. बाकीचं बोलणं फोनवर करू." त्यांची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

चहा झालाच नाही. स्कूटर फाटकाशी थांबली आणि नाईकनवरे काका आत आले. साइटवर खडी आली नव्हती म्हणून काम लवकर बंद झालं होतं. त्यांनी टेबलावरची उघडी पेटी पाहिली, जाकीट घातलेल्या मला पाहिलं आणि मग बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे ओरडणार.

ते ओरडले नाहीत. ते अतिशय शांत, मऊ बोलणारे गृहस्थ होते. सरांशी त्यांची जुनी ओळख निघाली. "गैरसमज झाला बघा हिचा," ते हसून म्हणाले. "आई आहे, घाबरते. बोट भरून येतंय हळूहळू. विकायचा प्रश्नच नाही. पण आलाच आहात तर बसा. हिनं मारून पाहिलं का?"

सरांनी टार्गेटचा कागद दाखवला. काकांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता.

"किती वर्षं झाली शिकून?"

"एक," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता.

"एक वर्ष! आणि क्लबच्या रायफलीवर!" ते माझ्याकडे वळले. "उभी राहा बाळ. पुन्हा मार. मी बघतो."

मी उभी राहिले. ते माझ्याभोवती फिरले. माझा डावा पाय त्यांनी पायाच्या टोकानं किंचित सरकवला. मग दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि इतकीशी वळवली. बोटं थंड होती आणि हळुवार होती. "अशी. आता जबडा सैल. दात आवळायचे नाहीत. श्वास मी सांगेन तेव्हा सोडायचा."

ते माझ्या मागे स्टुलावर बसले. "घे. थांब. अजून थांब. आता सोड." छर्रा सुटला. सर म्हणाले, "दहा." काका म्हणाले, "दहा आहे, पण उजवीकडचा दहा. पुन्हा."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खांदा भरून आला होता. जाकिटात घाम निथळत होता. पण छर्रे मधोमध जात होते आणि थांबावंसं मलाही वाटत नव्हतं. हे मी खोटं सांगणार नाही. मला कधी कुणी इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं.

छर्र्यांची डबी संपली म्हणून नवी घ्यायला मी मागे वळले. काका स्टुलावर पुढे झुकून बसले होते, दोन्ही कोपर गुडघ्यांवर, हाताची बोटं एकमेकांत गुंतवलेली, डोळे माझ्या खांद्यावर. त्यांच्या शेजारी पप्पांनी खुर्ची ओढून घेतली होती. तेही तसेच बसले होते. कोपर गुडघ्यांवर. बोटं गुंतवलेली.

"मगदूमसाहेब," काका माझ्यावरची नजर न हलवता पप्पांना म्हणाले, "मी काय म्हणतो, रायफल विकत घ्यायची गरजच नाही तुम्हाला. ती इथंच राहू दे. पोरीला दर शनिवार-रविवारी इकडे पाठवा, सुट्टीत मुक्कामाला राहू दे. मी तयार करतो तिला. पैसे-बिसे काही नको. तोवर ऋजुताचं बोट बरं होईल, मग दोघी एकत्र मारतील. समोर कुणीतरी असलं की ऋजूही हात-पाय हलवेल. दोन वर्षांत तुमची लेक देशाच्या टीममध्ये गेली नाही तर मला विचारा."

पप्पांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "साहेब, कसे उपकार..." एवढंच ते म्हणाले.

सर दुर्बिणीचं झाकण लावत म्हणाले, "विचार करून सांगू."

"यात विचार काय करायचा, सर?" पप्पा म्हणाले.

मी हात धुवायचं निमित्त करून बाजूला गेले. ऋजुताच्या खोलीचं दार आता अर्धवट उघडं होतं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. "ये," ती हळू आवाजात म्हणाली.

खोलीत मेडल नव्हती, ट्रॉफ्या नव्हत्या. ते सगळं बाहेर बैठकीत होतं. इथं नुसता पलंग, टेबल, आणि दार. दाराच्या चौकटीवर एका जागी नवा रंग लावलेला होता.

"काय म्हणाले? इथं येत जा म्हणाले ना?"

मी मान हलवली.

"छान शिकवतात. त्यांच्यासारखं कुणी शिकवत नाही. कधी आवाज चढवायचे नाहीत. पहाटे उठवतील, कपाळावरून हात फिरवून. दूध गरम करून देतील. तू नऊ मारलास तर चिडायचे नाहीत. फक्त जेवताना गप्प बसतील, आणि मग आईसुद्धा गप्प बसेल." तिनं खिशातून उजवा हात काढला. तर्जनीवर पट्टी नव्हती. नख नव्हतं, आणि वरचं पेर एका बाजूला कललेलं होतं. "तुला काय सांगितलं? दारात सापडलं?"

"हो."

"सापडलं नाही," ती म्हणाली. "मी ठेवलं."

मला पटकन अर्थच लागला नाही. मग त्या नव्या रंगाकडे माझं लक्ष गेलं.

"दुसरं काही सुचलं नाही मला," ती म्हणाली. "देशाच्या टीमच्या कॅम्पचं पत्र आलं होतं. बाबा पेढे आणायला गेले होते. मला वाटलं, बोटच नसलं तर कुणाला काही सांगावं लागणार नाही. तर बाबा रोज मालिश करतात त्याला, तेल लावून. वळवून बघतात." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "ती रायफल घे तू. चांगली आहे, तिचा काही दोष नाही. पण घरी घेऊन जा. इथं येऊ नकोस."

मी बाहेर आले. पप्पा आणि काका शनिवारच्या गाडीच्या वेळा ठरवत होते.

"मला रायफल पाहिजे," मी म्हणाले. "पण मी ती मिरजेला नेणार. इथं शिकायला येणार नाही."

काका समजुतीनं हसले. "अगं, रायफल म्हणजे काय, नुसतं लोखंड. शिकवणारा—"

"मग रायफलही नको."

"शलाका!" पप्पा उठले. त्यांनी मला आयुष्यात तीन-चार वेळाच या आवाजात हाक मारली असेल. "मोठ्यांपुढं ही काय बोलायची पद्धत? हे तू ठरवायचं नाही."

"खांदा माझा आहे," मी म्हणाले, आणि रडू आलं म्हणून सरळ फाटकाबाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसले.

कोल्हापूर सुटलं. मग पप्पा बोलायला लागले ते थांबेनात. असली माणसं भेटायला भाग्य लागतं. लोक मुलींना उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत आणि इथं एक माणूस घर उघडून देतोय. त्यांना कुणी असं म्हणालं असतं तर ते आज लेथवर नसते. "मला एक कारण सांग," ते म्हणाले. "एक धड कारण."

तिनं ते मला विश्वासानं सांगितलं होतं. मी हातकणंगल्यापर्यंत दात आवळून बसले. पण पप्पा म्हणाले, "मी उद्याच त्यांना फोन करून माफी मागणार, आणि शनिवारी तू जाणार," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिचं बोट दारात सापडलं नाही. तिनं स्वतः दार लावून घेतलं बोटावर."

व्हॅन हळू झाली. पप्पांनी ती उसाच्या गुऱ्हाळाच्या बाजूला घेतली आणि बंद केली. पुढच्या सीटवर बसलेल्या सरांनी डोक्यावरून हात फिरवला. "मला वाटलंच होतं," ते पुटपुटले. "नेमकं ट्रिगरचंच बोट असं सापडत नाही."

पप्पा उतरले. पाठ करून शेताकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं माझ्या खिडकीशी आले. चेहरा उतरला होता.

"मी तसा आहे का गं?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर ते स्टूल आणि ती खुर्ची येत होती.

"अजून नाही," मी म्हणाले.

ते व्हॅनमध्ये बसले, चावी फिरवली आणि गाडी वळवून पुन्हा कोल्हापूरच्या दिशेला लावली.

"पप्पा, नको ना. तिनं फक्त मला सांगितलंय."

"म्हणूनच जायला पाहिजे," ते म्हणाले. "पंधरा वर्षांच्या पोरीला सांगावं लागतंय तिला, म्हणजे घरात ऐकायला कुणी नाही."

नाईकनवरे काकांनीच दार उघडलं. त्यांना वाटलं, आमचं मन पालटलं. "या, या," ते म्हणाले. "मी म्हणत होतो हिला, पोर समजूतदार दिसते."

पप्पा बसले नाहीत. चांगलं बोलणं त्यांना कधीच जमत नसे. "साहेब," ते म्हणाले, "मुलीचं बोट अपघातानं गेलेलं नाही. तिनं करून घेतलंय. तुमच्याशी कसं बोलावं ते मला कळत नाही, पण मी असं घरी जाऊ शकत नव्हतो."

"कोण म्हणतं हे?" काकांचा आवाज आताही मऊच होता. "खोटं आहे."

"खरं आहे, बाबा." ऋजुता दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त थकलेली दिसत होती.

काका बायकोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

काकू ओट्याला धरून उभ्या होत्या. "दार आतून लावलेलं होतं," त्या म्हणाल्या. "मी धक्के मारून उघडायला लावलं. खोलीत ती एकटीच होती. मग लावलं कुणी? डॉक्टरांनीही विचारलं. तुम्ही त्यांना एकच विचारलंत, कॅम्पपर्यंत बरं होईल का."

 काका दोन पावलं ऋजुताकडे गेले. "बघू," ते म्हणाले आणि नेहमीच्या सवयीनं तिच्या हातासाठी हात पुढे केला. तिनं हात पाठीमागे नेला.

"मी तुझ्यावर कधी हात उचलला नाही, ऋजू. एक वावगा शब्द बोललो नाही."

"नाही."

"मग सांगायचं ना मला."

"सांगितलं होतं, आता नको म्हणून. गणपतीत सांगितलं. दिवाळीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, होतं असं, मोठ्या स्पर्धेआधी सगळ्यांना होतं." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "मग मी सांगायचं बंद केलं."

काका त्या स्टुलावर बसले. त्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते. मला ते पाहवेना. तो माणूस वाईट नव्हता. आजही मी तसं म्हणू शकत नाही.

काकूंनी पेटी बंद केली, कुलपं लावली आणि दोन्ही हातांनी उचलून पप्पांकडे आणली. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "काय द्यायचं ते बिडकर सर ठरवतील." पप्पांनी काकांकडे पाहिलं. काकांनी वर पाहिलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

मी निघताना ऋजुताशी बोलायला गेले. "मी सांगायला नको होतं," मी म्हणाले.

"नकोच होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण झालं ते झालं. जा आता."

पुढचं काकूंकडून सरांना, सरांकडून मला थोडं थोडं कळत गेलं. ऋजुता धारवाडला मावशीकडे गेली आणि तिथंच शिकली. काका पुष्कळ दिवस कुणाशी बोलत नव्हते. मग एका रविवारी त्यांनी गवंडी बोलावला. फोडलेली भिंत पुन्हा चढली की नाही ते मला माहीत नाही, पण चौकटी बसल्या असं काकू म्हणाल्या. ऋजुता मला त्यानंतर भेटली नाही. दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. तिला उत्तर द्यावंसं का वाटावं, असंही कधी कधी मनात येतं.

पप्पा मला शेडवर सोडायला येत राहिले. आत मात्र येत नसत. स्पर्धा असली की बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचे. पेपर उलटा धरलेला असला तरी मी काही बोलत नसे.

आणि ती रायफल. कोल्हापूरहून आणल्यावर आठवडाभर मी पेटी उघडलीच नाही. मग एका दुपारी शेडमध्ये कुणी नसताना सर आणि मी ती टेबलावर घेतली. मी गाल टेकवला. सगळं तसंच होतं, केसभरही न हलता. मागची पट्टी, गालाची पट्टी, ट्रिगरचं अंतर. नाईकनवरे काकांनी वर्षानुवर्षं दुसऱ्या एका मुलीच्या हाडांवर ते बसवलं होतं.

"सर," मी म्हणाले, "हे सगळं सोडवूया."

"सगळं?" सर म्हणाले. "असं माप लागायला लोकांना वर्षं जातात. तुझे गुण उतरतील."

"उतरू देत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि ड्रॉवरमधून पाना काढून माझ्या हातात दिला. मी एकेक स्क्रू सैल केला. पट्टी खाली आली, मागचा भाग पूर्ण आत गेला. रायफल पुन्हा कुणाचीच राहिली नाही. मग मी उभी राहिले, खांद्याला लावली. टार्गेट दिसेना. मान वाकडी झाली. पहिला छर्रा कागदाच्या कोपऱ्यात गेला.

पूर्ण हंगाम मी वाईट मारत होते. माझं स्वतःचं माप मला हळूहळू सापडलं, आणि ते त्या दिवसाइतकं अचूक पुन्हा कधीच बसलं नाही. मी राज्यापर्यंत गेले, त्याच्या पुढे गेले नाही. ती रायफल अजून माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी मी मारते, आणि कंटाळा आला की थांबते.